लॅब उभी राहते, पण पिंग जात नाही: एकाच मशिनवरच्या आभासी नेटवर्कमधला पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

कंटेनरलॅब आणि काथारा ही एकाच मशिनवर डॉकर कंटेनर वापरून सरावाची आभासी नेटवर्क उभी करणारी साधने. कंटेनरलॅबची टोपॉलॉजी फाइल असो की काथाराची लॅब-कॉन्फ, तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. डिप्लॉय कमांड एकही एरर न देता संपते. सगळे नोड 'रनिंग' दिसतात, इंटरफेस 'अप' दिसतात, पत्ते जागच्या जागी असतात, आणि पीसी१ वरून पीसी२ ला पिंग मात्र जात नाही. खटपट करून कुठलीशी सेटिंग बदलली की ते चालू होते. मग मशिन रीबूट होते, किंवा तीच लॅब चार दिवसांनी पुन्हा उभी केली जाते, आणि बिघाड जसाच्या तसा परत हजर होतो.

तो परत येतो, कारण टोपॉलॉजी फाइलमध्ये फक्त नोड आणि तारा लिहिलेल्या असतात. हे सगळे ज्या कर्नलवर उभे राहते त्याची अवस्था त्या फाइलमध्ये कुठेच नसते. नोड वेगळे यंत्र वाटला तरी तो लिनक्सच्या एकाच कर्नलमधली एक नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे स्वतःचे इंटरफेस आणि मार्ग असलेला वेगळा कप्पा, असतो. तार म्हणजे व्हीईथ या आभासी इंटरफेसची जोडी, एक टोक एका नेमस्पेसमध्ये आणि दुसरे दुसरीत. स्विच म्हणून वापरलेला ब्रिज तर थेट होस्टच्याच नेमस्पेसमध्ये बसतो, त्यामुळे होस्टच्या फायरवॉलचा हात त्याच्यापर्यंत पोचतो. हाताने केलेली दुरुस्ती कोणत्याच फाइलमध्ये उतरवली नाही, तर ती पुढच्या रीबूटपर्यंतच टिकते.

उदाहरणासाठी एक साधी रचना धरू. पीसी१ (१०.१.१.१०/२४) होस्टवरच्या 'बीआर-लॅन१' या ब्रिजला जोडलेला. त्याच ब्रिजवर आर१ (१०.१.१.१). आर१ आणि आर२ यांच्यात थेट व्हीईथ, १०.०.१२.०/३०. आर२ च्या पलीकडे पीसी२ (१०.१.२.१०/२४). कमांड आणि सेटिंगची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप करायची.

पॅकेट नेमके कुठे मरते ते आधी पाहा

सेटिंग्ज बदलायला घेण्याआधी पीसी१ वर पिंग चालू ठेवा आणि पॅकेटच्या मागे मागे एकेका टप्प्यावर जा. यात दहा मिनिटे जातात. अंदाजाने पाच सेटिंग बदलल्यावर कोणत्या बदलाने काम झाले हेच कळत नाही, आणि मग बिघाड पुन्हा आला की पुन्हा पाचही करत बसावे लागते.

पहिली कमांड पीसी१ वर: 'आयपी रूट गेट १०.१.२.१०'. कर्नल हे पॅकेट कोणत्या इंटरफेसमधून आणि कोणत्या गेटवेकडे पाठवणार ते एका ओळीत कळते. इथे 'व्हाया १०.१.१.१ डेव्ह ईथ१' असे यायला हवे. 'डेव्ह ईथ०' आले तर बाकी काही तपासू नका, थेट खाली डिफॉल्ट रूटच्या भागाकडे जा.

मार्ग बरोबर असेल तर तारेचे दुसरे टोक शोधायचे. पीसी१ मध्ये 'आयपी लिंक' दिल्यावर इंटरफेस 'ईथ१@आयएफ३७' असा दिसतो. यातला ३७ हा दुसऱ्या टोकाचा इंटरफेस क्रमांक. होस्टवर 'आयपी लिंक' देऊन ३७ क्रमांकाची ओळ शोधा. ती ब्रिजवरचा पोर्ट असेल आणि तिच्यात 'मास्टर बीआर-लॅन१' लिहिलेले असेल. ते नसेल तर तार ब्रिजला जोडलीच गेलेली नाही. ३७ क्रमांकच होस्टवर नसेल, तर ते टोक दुसऱ्या एखाद्या नोडच्या नेमस्पेसमध्ये आहे, म्हणजे ती थेट तार आहे.

आता होस्टवर त्या पोर्टवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावा, दुसऱ्या टर्मिनलवर आर१ कडे जाणाऱ्या पोर्टवर लावा. नोडच्या आत टीसीपीडंप नसला तरी अडत नाही. 'डॉकर इन्स्पेक्ट' मधून कंटेनरचा पीआयडी घ्या आणि 'एनएसएंटर -टी पीआयडी -एन टीसीपीडंप -एन -आय ईथ१' असे चालवा. फक्त नेटवर्क नेमस्पेस बदलते, प्रोग्राम होस्टचाच वापरला जातो. बारक्या इमेजमध्ये पॅकेज बसवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

एआरपी सुटते, पिंग सुटत नाही

ब्रिज असलेल्या लॅबमध्ये सर्वात जास्त वेळ खाणारा बिघाड हाच. पीसी१ च्या पोर्टवर एआरपीची, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची, विचारणा दिसते, उत्तर येते, 'आयपी नेबर' मध्ये १०.१.१.१ समोर 'रीचेबल' लिहून येते. मग आयसीएमपी एको रिक्वेस्ट, म्हणजे पिंगचे पॅकेट, पीसी१ च्या पोर्टवरून ब्रिजमध्ये शिरते आणि आर१ च्या पोर्टवर बाहेर येतच नाही. एकाच ब्रिजचे दोन पोर्ट, मध्ये राउटिंग नाही, तरी पॅकेट गायब. स्विच असे कधी करत नाही, म्हणून माणूस राउटरच्या कॉन्फिगमध्ये चूक शोधत राहतो.

हे 'बीआर-नेटफिल्टर' मॉड्यूलचे काम आहे. ते लोड झाले की 'नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स' ची किंमत मुळातच १ असते, आणि ब्रिजवरून जाणारे आयपीव्ही४ पॅकेट होस्टच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमधल्या फॉरवर्ड साखळीतून नेले जाते. एआरपी त्या साखळीत जात नाही, म्हणून ते सुटते. फॉरवर्ड साखळीची पॉलिसी ड्रॉप असेल तर आयपी पॅकेट तिथे संपते.

खात्री करायला होस्टवर 'आयपीटेबल्स -व्ही -एन' सोबत मोठ्या लिपीतला एल देऊन फॉरवर्ड साखळी बघा. पहिल्याच ओळीत पॉलिसी आणि तिचे मोजमाप असते, उदाहरणार्थ 'पॉलिसी ड्रॉप ८४ पॅकेट्स, ७०५६ बाइट्स'. दहा सेकंदांनी पुन्हा बघा. साध्या पिंगचे प्रत्येक आयपी पॅकेट ८४ बाइटचे असते: ५६ डेटा, ८ आयसीएमपी हेडर, २० आयपी हेडर. दर सेकंदाला एक पॅकेट आणि ८४ बाइट वाढत असतील तर गुन्हेगार सापडला.

ही ड्रॉप पॉलिसी बहुधा डॉकरने लावलेली असते, आणि त्यातही एक खोच आहे. सुरू होताना होस्टवर आयपी फॉरवर्डिंग बंद असेल तर डॉकर ते स्वतः चालू करतो आणि त्याबरोबर फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करतो. फॉरवर्डिंग आधीच चालू असेल तर तो पॉलिसीला हात लावत नाही. म्हणून तीच फाइल एका मशिनवर चालते आणि दुसऱ्यावर नाही, दोन्हीकडे डॉकरची आवृत्ती एकच असली तरी. यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचे साधन चालू असेल तर तोही फॉरवर्ड होणारी रहदारी मुळात अडवतो.

उपाय दोन आहेत आणि ते सारखे नाहीत. पहिला, 'ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स' ० करणे. मशिन फक्त लॅबसाठीच असेल तर हा सोपा आणि पुरेसा. पण त्याच मशिनवर कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) असेल तर त्याला ही किंमत १ लागते, आणि एकाच डॉकर नेटवर्कमधल्या कंटेनरना एकमेकांपासून तोडून ठेवण्याची सोयही यावर अवलंबून असते. अशा ठिकाणी दुसरा उपाय घ्या: 'डॉकर-यूजर' साखळीत सर्वात वर एक नियम, ज्यात आत येणारा इंटरफेस 'बीआर-लॅन१', बाहेर जाणाराही 'बीआर-लॅन१', आणि निकाल ॲक्सेप्ट. ब्रिजवरच्या पॅकेटसाठी या साखळीत पोर्टचे नाही तर ब्रिजचेच नाव दिसते, म्हणून नियमात व्हीईथचे नाव घालून उपयोग नाही.

एनएफटेबल्समध्ये (आयपीटेबल्सच्या जागी आलेल्या फायरवॉलमध्ये) वेगळे टेबल करून तिथे ॲक्सेप्ट लिहिणारे इथे फसतात. एका टेबलातल्या साखळीने ॲक्सेप्ट म्हटले तरी त्याच टप्प्यावरच्या पुढच्या साखळीला ड्रॉप म्हणायची मुभा असते, आणि ड्रॉप झाला की तो अंतिम. परवानगी ज्या साखळीत पॅकेट अडते तिथेच, अडण्याच्या आधी, द्यावी लागते.

फाइलमध्ये ० लिहिले, तरी रीबूटनंतर १

कर्नलच्या सेटिंग्ज बूटला लागू करणाऱ्या सिसकंट्रोल-डी डिरेक्टरीत फाइल ठेवली, तिच्यात '...कॉल-आयपीटेबल्स = ०' लिहिले, फाइल हाताने लागू करून पाहिली, चालली. रीबूटनंतर किंमत पुन्हा १. फाइल जागेवरच आहे, मजकूरही बरोबर आहे.

चूक क्रमाची आहे. बूटच्या सुरुवातीला सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सुरू करणारी यंत्रणा) या फाइली लागू करते तेव्हा 'बीआर-नेटफिल्टर' मॉड्यूल लोड झालेलेच नसते. मॉड्यूल नाही म्हणजे ती सेटिंगही अस्तित्वात नाही, म्हणून ती ओळ लागू न होताच राहते. पुढे डॉकर किंवा आणखी काही ते मॉड्यूल लोड करते, सेटिंग जन्माला येते आणि तिची मूळ किंमत १ असते. तोपर्यंत फाइल वाचणारा निघून गेलेला असतो.

म्हणून मॉड्यूल आधी लोड करायचे. 'मॉड्यूल्स-लोड-डी' डिरेक्टरीत एक फाइल करा आणि तिच्यात मॉड्यूलचे नाव, अंडरस्कोरसह, एकट्या ओळीवर लिहा. सिस्टमडी मॉड्यूल आधी लोड करते आणि सिसकंट्रोलच्या फाइली नंतर लागू करते, त्यामुळे ० टिकतो. जे मॉड्यूल नको आहे तेच मुद्दाम लवकर लोड करायचे, हे उलटे वाटते खरे. पण ते नंतर कुणीतरी लोड करणारच असेल तर आपण वेळ ठरवलेली बरी.

डॉकर-यूजरमधला नियमही रीबूटला पुसला जातो. तो बूटच्या सुरुवातीला घालता येत नाही, कारण ती साखळी डॉकर सुरू झाल्यावर तयार होते. सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे लॅबच्या फाइलशेजारी एक 'तयारी' स्क्रिप्ट ठेवणे आणि डिप्लॉयच्या आधी दर वेळी ती चालवणे. स्क्रिप्टमध्ये तीन कामे असतात: ब्रिज नसेल तर तयार करणे, तो 'अप' करणे, आणि नियम आहे का ते मोठ्या सीच्या पर्यायाने तपासून नसेल तरच मोठ्या आयच्या पर्यायाने वर घालणे. तपासणी वगळली तर दर डिप्लॉयला एक नियम वाढतो आणि महिन्याने साखळीत एकसारख्या तीस ओळी दिसतात. कंटेनरलॅब 'ब्रिज' प्रकारचा नोड स्वतः बनवत नाही, तो होस्टवर आधीच असावा लागतो. त्यामुळे रीबूटनंतर ही स्क्रिप्ट लागतेच.

ब्रिजच्या नावाबद्दल एवढेच, की लिनक्समध्ये इंटरफेसचे नाव रोमन लिपीत जास्तीत जास्त १५ अक्षरांचे असते. स्क्रिप्टने लांब नाव कापून १५ वर आणले तर दोन वेगळी नावे एकच होऊन दुसऱ्या वेळी 'फाइल एक्झिस्ट्स' असा एरर येतो.

पॅकेट ईथ० मधून निघून जाते

कंटेनरलॅबमध्ये प्रत्येक नोडचा ईथ० व्यवस्थापनाच्या नेटवर्कला, मुळात १७२.२०.२०.०/२४ ला, जोडलेला असतो आणि डिफॉल्ट रूट तिकडेच जातो. लॅबच्या तारा ईथ१ पासून सुरू होतात. पीसी१ ला १०.१.२.० कडे जायचा मार्ग दिला नसेल तर पॅकेट डिफॉल्टने होस्टकडे जाते. होस्ट त्यावर स्वतःचा पत्ता लावून ते खऱ्या नेटवर्कमध्ये सोडून देतो.

इथे पिंग चालले तर जास्त धोका. खऱ्या नेटवर्कमध्ये कुठेतरी १०.१.२.१० हा पत्ता असेल तर तिथून उत्तर येते आणि लॅब बरोबर आहे असे वाटते. उत्तराचा टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकने घटणारा आकडा) बघायची सवय लावा. लिनक्स ६४ पासून सुरू करते. पीसी२ चे उत्तर आर२ आणि आर१ अशा दोन राउटरमधून आले तर पीसी१ वर ६२ दिसायला हवा. ६१, ५७ किंवा १२६ दिसले तर उत्तर देणारा दुसराच कोणीतरी आहे.

टोपॉलॉजी फाइलमध्ये पीसी१ च्या 'एक्झेक' यादीत (नोड उभा राहिल्यावर चालणाऱ्या कमांडच्या यादीत) मार्ग लिहा: 'आयपी रूट ॲड १०.०.०.०/८ व्हाया १०.१.१.१'. डिफॉल्टच बदलायचा असेल तर 'ॲड' नको, 'रिप्लेस' वापरा. डिफॉल्ट आधीच असल्यामुळे 'ॲड' नाकारला जातो. पण डिफॉल्ट बदलला की नोडला बाहेरून पॅकेज उतरवता येत नाहीत, म्हणून नेमका मार्ग लिहिणे जास्त सोयीचे.

पत्ते निवडतानाच काळजी घेतली तर हा गोंधळ निम्मा कमी होतो. डॉकरचा मूळ ब्रिज १७२.१७.०.०/१६ वापरतो, घरातली आणि कार्यालयांतली नेटवर्क १९२.१६८ आणि १० मध्ये असतात. लॅबसाठी १९८.१८.०.०/१५ हा चाचण्यांसाठी राखलेला पट्टा घेतला तर खऱ्या नेटवर्कशी टक्कर होत नाही.

राउटर पॅकेट घेतो, पुढे देत नाही

आर१ च्या ईथ१ वर रिक्वेस्ट दिसते, ईथ२ वर दिसत नाही. पहिला संशय फॉरवर्डिंगवर. नवी नेटवर्क नेमस्पेस तयार होताना आयपीव्ही४ च्या सेटिंग्ज होस्टकडून घेतल्या जातात आणि आयपीव्ही६ च्या सेटिंग्ज कर्नलच्या मूळ किमतींवर येतात, हे मुळातले वागणे. डॉकर असलेल्या होस्टवर फॉरवर्डिंग चालूच असते, म्हणून लॅबमधले राउटर काही न सांगता आयपीव्ही४ पुढे देतात आणि ही ओळ फाइलमध्ये लिहायची राहून जाते. मग त्याच राउटरवर आयपीव्ही६ चालत नाही, आणि नुसत्या नेमस्पेसने बांधलेली तशीच लॅब डॉकर नसलेल्या मशिनवर आयपीव्ही४ सुद्धा पुढे देत नाही. होस्टच्या कृपेवर राहू नका. प्रत्येक राउटरच्या एक्झेकमध्ये दोन्ही ओळी स्पष्ट लिहा: 'नेट.आयपीव्ही४.आयपी-फॉरवर्ड=१' आणि 'नेट.आयपीव्ही६.कॉन्फ.ऑल.फॉरवर्डिंग=१'.

फॉरवर्डिंग १ असूनही पॅकेट जात नसेल आणि लॅबमध्ये जाण्याचा व परतीचा मार्ग वेगळा असेल, तर 'आरपी-फिल्टर' बघा. किंमत १ असेल तर कर्नल असे तपासतो: या पॅकेटच्या उगमाकडे जायचे झाले तर मी याच इंटरफेसमधून गेलो असतो का? उत्तर नाही आले की पॅकेट मुकाट्याने टाकून दिले जाते. ईथ१ ची किंमत ० केली तरी बिघाड राहतो, कारण 'ऑल' आणि त्या इंटरफेसची अशा दोन किमतींमधली मोठी लागू होते. दोन्ही ० करा. लक्षण पकडायला त्या नोडमध्ये 'एनस्टॅट -एझेड' चालवून 'आयपी-रिव्हर्स-पाथ-फिल्टर' हा आकडा वाढतो का ते बघा.

एफआरआर हे राउटिंगचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आणखी दोन जागा. 'डीमन्स' फाइलमध्ये ओएसपीएफडी आणि बीजीपीडी हे राउटिंग प्रोटोकॉलचे प्रोग्राम मुळात 'नो' असतात, ते 'येस' करावे लागतात. आणि ७.४ आवृत्तीपासून ईबीजीपी शेजाऱ्यासाठी पॉलिसी लिहिलेली नसेल तर सत्र जुळते पण एकही मार्ग देवघेव होत नाही. सारांशात आकड्याच्या जागी 'पॉलिसी' असा शब्द दिसतो. रूट-मॅप लिहा, किंवा शिकण्यापुरती 'नो बीजीपी ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी' ही ओळ घाला.

पिंग जाते, एसएसएच लटकते

हा वेगळा बिघाड आहे, आणि त्याची दोन कारणे एकसारखी दिसतात. आधी आकार तपासा: 'पिंग -एम डू -एस १४७२'. यातला एम मोठ्या लिपीतला. १४७२ मध्ये २८ बाइट हेडर मिळवले की १५०० होतात. हे जात नसेल पण १४०० जात असेल तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळत नाही. कंटेनरलॅब थेट तारांना मुळात ९५०० चा एमटीयू देतो. अशी एक तार १५०० च्या ब्रिज पोर्टसमोर आली की मोठी फ्रेम ब्रिज टाकून देतो, आणि ब्रिज राउटर नसल्यामुळे 'पॅकेट मोठे आहे' असा निरोपही पाठवत नाही. टीसीपीचे जोडणीचे पॅकेट लहान, ते जाते. पुढचा डेटा अडकतो. व्हीएक्सलॅन (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेण्याची पद्धत) असेल तर आतल्या पॅकेटसाठी ५० बाइट कमी धरा, म्हणजे १४५०. ओएसपीएफमध्ये हाच फरक शेजारी 'एक्सस्टार्ट' वर अडकून पडण्यातून दिसतो.

आकार बरोबर असेल तर चेकसम, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडले नाही ना हे तपासायचा आकडा. व्हीईथ असे धरून चालते की टीसीपी आणि यूडीपीचा चेकसम पुढे हार्डवेअर भरेल. दोन लिनक्स नेमस्पेसमध्ये हे खपते, कारण कर्नलला माहीत असते की तो अर्धवट आहे. पण मध्ये क्यूईएमयू या आभासी मशिनमध्ये चालणारा राउटर असला, किंवा पॅकेट उचलून घेणारा यूजरस्पेसमधला स्विच असला, तर ती खूण हरवू शकते आणि पलीकडे चुकीच्या चेकसमचे पॅकेट पोचते. आयसीएमपीचा चेकसम सॉफ्टवेअरमध्येच भरलेला असतो, म्हणून पिंग निर्धास्त जाते. डीएचसीपी, डीएनएस, एसएसएच पडतात. पाठवणाऱ्या नोडवर 'ईथटूल', मोठ्या केचा पर्याय, 'ईथ१ टीएक्स ऑफ' चालवा आणि तीच ओळ एक्झेकमध्ये घाला. टीसीपीडंपला पाठवणाऱ्याच्या बाजूला 'इनकरेक्ट' दिसणे नेहमीचे आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नका. घेणाऱ्या बाजूचा 'इन-सीसम-एरर्स' आकडा वाढतो का ते पाहा.

फाइल बदलली, पण लॅब जुनीच

कॉन्फिग दुरुस्त केला, पुन्हा डिप्लॉय केले, आणि नोड जुन्याच पद्धतीने वागतो. बऱ्याच नेटवर्क ओएससाठी कंटेनरलॅब नोडचा सेव्ह झालेला कॉन्फिग लॅबच्या डिरेक्टरीत ठेवतो, आणि पुढच्या वेळी तुमच्या स्टार्टअप-कॉन्फिगपेक्षा त्याला मान देतो. 'डिप्लॉय' ला 'रीकॉन्फिगर' हा पर्याय द्या, किंवा नोडवर 'एन्फोर्स-स्टार्टअप-कॉन्फिग' चालू ठेवा. 'डिस्ट्रॉय' ला 'क्लीनअप' दिला तर ती डिरेक्टरीच जाते. तिच्यात हवे असलेले काही उरले नाही ना, ते आधी बघा.

एकेरी फाइल बाइंड करून नोडमध्ये दिली असेल तर वेगळाच प्रकार होतो. बाइंड होतो तो फाइलच्या आयनोडला (डिस्कवरच्या तिच्या क्रमांकाला), नावाला नाही. काही एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून तिला जुने नाव देतात. होस्टवर नवा मजकूर दिसतो, नोडला जुना आयनोडच दिसत राहतो. 'एलएस -आय' दोन्हीकडे चालवून क्रमांक पाहिले की लगेच कळते. फाइलऐवजी तिची डिरेक्टरी बाइंड करणे हा कायमचा इलाज.

मग माणूस कंटेनर 'डॉकर रिस्टार्ट' करतो, आणि तिथे नवे दुखणे सुरू होते. कंटेनर थांबला की त्याची नेटवर्क नेमस्पेस नष्ट होते, तिच्यातल्या व्हीईथ जातात, आणि एक टोक गेले की दुसरेही जाते. कंटेनर परत येतो तो फक्त ईथ० घेऊन. तारा डॉकरने लावलेल्या नव्हत्या, त्या लावणे त्याला माहीत नाही. होस्ट रीबूटनंतर रिस्टार्ट पॉलिसीमुळे आपोआप उठलेल्या नोडचेही हेच. लॅब डिस्ट्रॉय करून पुन्हा डिप्लॉय करा.

काथाराच्या लॅब-कॉन्फमध्ये टायपिंगची चूक एररशिवाय पचते. आर१ ला 'लॅन१' आणि पीसी१ ला 'लॅन०१' लिहिले तर दोन स्वतंत्र कोलिजन डोमेन तयार होतात, प्रत्येकात एकच यंत्र. दोघांचे इंटरफेस 'अप', एआरपीला उत्तर नाही. स्टार्टअप फाइल विंडोजवर लिहिली असेल तर ओळीच्या शेवटी न दिसणारे कॅरेज रिटर्न राहते, आणि 'कॅनॉट फाइंड डिव्हाइस' असा एरर समोर अगदी बरोबर नाव दाखवून येतो. 'कॅट' ला मोठ्या ए चा पर्याय दिला की ओळीच्या टोकाला टोपीचे चिन्ह आणि मोठा एम दिसतो.

एक वेळेचा प्रश्न. कंटेनरचा मुख्य प्रोग्राम सुरू होतो तेव्हा ईथ१ अजून लागलेला नसतो. डीएनएसमास्कला (छोट्या डीएनएस-डीएचसीपी सर्व्हरला) ईथ१ ला बांधायला सांगितले असेल तर तो 'अननोन इंटरफेस' म्हणून बंद पडतो. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये 'सिस-क्लास-नेट' खाली ईथ१ येईपर्यंत थांबणारा छोटा लूप घाला. आयपीव्ही६ साठी यावर आणखी एक-दोन सेकंद जातात, कारण पत्ता दुसऱ्या कुणाचा नाही ना हे तपासून होईपर्यंत तो 'टेंटेटिव्ह' असतो आणि त्यावर बाइंड करता येत नाही. पत्ता लावताना 'नोडॅड' दिले की ही वाट पाहावी लागत नाही.

दहा नोडला चालते, चाळीसला नाही

होस्टवर 'डीमेसेज' मध्ये 'नेबर टेबल ओव्हरफ्लो' दिसले तर दोष एकाही नोडच्या कॉन्फिगमध्ये नाही. नेबर टेबलच्या (शेजाऱ्यांच्या आयपी आणि मॅक पत्त्यांच्या यादीच्या) नोंदींची मर्यादा सगळ्या नेमस्पेस मिळून एकच असते. 'जीसी-थ्रेश३' ची मूळ किंमत १०२४. एकाच सेगमेंटवर ४० नोड, प्रत्येकाने उरलेल्या ३९ शी बोलायचे म्हटले तर ४० गुणिले ३९, म्हणजे १५६० नोंदी. पिंग कधी जाते, कधी 'नो बफर स्पेस' म्हणते, आणि दर वेळी वेगळ्या जोडीत. होस्टवर जीसी-थ्रेश १, २, ३ अनुक्रमे २०४८, ४०९६, ८१९२ करा आणि सिसकंट्रोल-डी मध्ये लिहा. नोडच्या आतून हे बदलता येत नाही.

सिस्टमडी असलेल्या नोडच्या मोठ्या लॅबमध्ये काही नोड 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणून उठतच नाहीत. यूलिमिट वाढवून काही होत नाही, कारण संपलेली गोष्ट आयनोटिफाय (फाइलींतले बदल कळवणारी कर्नलची सोय) इन्स्टन्स ही आहे: 'एफएस.आयनोटिफाय.मॅक्स-यूजर-इन्स्टन्सेस', मुळात एका यूजरला १२८. वेगळी यूजर नेमस्पेस नसेल तर सगळ्या नोडचा रूट हा होस्टचाच रूट, म्हणून सगळे एकाच कोट्यातून घेतात. १०२४ करा, त्याच सिसकंट्रोल फाइलमध्ये, आणि न उठलेले नोड असतील ती लॅब पूर्ण पाडून पुन्हा उभी करा.